नंदासाठी शोधलेला बाप

चहा घेता घेता माझा एक मूर्खपणा ऐका. तुम्ही खुशाल हसा, मला मात्र अजून पुरतं हसता येत नाही.

मध्य भारत राज्य मोडून कचेऱ्या भोपाळला जाणार, अशी हवा होती ते वर्ष. गणपतीत आम्ही माधव नगरच्या मराठी मंडळींनी ठरवलं, यंदा प्रत्येक घराने आपलं नाटुकलं बसवायचं, थोरांनी आणि मुलांनी मिळून. व्यवस्था माझ्याकडे. आणि मला व्यवस्था दिली की मी माणसांचीही व्यवस्था लावायला निघतो, हा माझा रोग.

आमच्या गल्लीत विमलताई आणि लीलाताई एकत्र राहायच्या. एक शिक्षिका, दुसरी नर्स, दोघीही बिनलग्नाच्या. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत लीलाताईंना एक तान्ही पोर मिळाली. तिला न्यायला कुणी आलंच नाही. तीच नंदा. विमलताई तिची आई, लीलाताई माई. या तिघींनीही नाटुकल्यासाठी नाव दिलं.

मला वाटलं, पोर बापाशिवाय स्टेजवर उभी राहणार, लोक काय म्हणतील? लोक काही म्हणत नव्हते, बरं का. म्हणणारा मीच.

कचेरीतल्या आपट्यांना गाठलं. चाळिशीचे, अविवाहित, अबोल गृहस्थ.

"आपटे, विमलताईंकडे एका पुरुषमाणसाची कमी आहे. तुम्ही उभे राहाल का?"

"उभा म्हणजे?"

"नंदाचे वडील म्हणून हो."

ते लाल झाले. "त्यांना चालेल?"

"त्यांना मी सांगतो. रविवारी जाऊन या, बाकी तिथेच ठरेल."

"आईला विचारतो," ते म्हणाले. मला वाटलं, काय सज्जन माणूस, नाटकात काम करायचं तरी आईला विचारतो. आणि विमलताईंना सांगायचं पडद्याच्या गडबडीत राहूनच गेलं.

रविवारी मी तालीम बघायला म्हणून पोचलो, तर आपटे नव्या कोटात आणि शेजारी त्यांच्या मातोश्री, शालू नेसून. त्यांनी विमलताईंच्या हातात नारळ ठेवला.

"मुलीसकट पसंत आहे हो आम्हाला. भोपाळला क्वार्टर मिळतंय. या दुसऱ्या बाई मात्र आपलं बघून घेतील ना?"

नंदाने लीलाताईंचा पदर धरला. "माई कुठे जाणार?"

विमलताई माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, यांना तुम्ही पाठवलंत?"

"अहो, नाटुकल्यासाठी. बापाचा पार्ट करायला."

आपट्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मातोश्रींनी नारळ परत पिशवीत टाकला. "भैया, साफ सांगायचं ना आधी," एवढंच म्हणाल्या आणि मुलाला घेऊन निघाल्या. पुढे आपटे भोपाळला गेले, माझा निरोप न घेता.

विमलताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमचं नाटुकलं तिघींचंच होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चौथं माणूस लागतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. नंदा दाराआडूनच म्हणाली, "मी नाही येणार. काका अजून कुणाला तरी आणतील."

नाटुकल्यांच्या दिवशी त्या तिघी आल्या नाहीत. मी विंगेत पडद्याची दोरी धरून उभा. आमच्या घराचं नाटुकलं लागलं, बायको आणि दोन्ही मुलं छान बोलत होती. पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला विचारत्या झाल्या, "बिचारी. नवरा कधी वारला हो हिचा?"