राहिलेला भागाकार

माझे वडील तोताराम नाना वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांचा टोकन नंबर काही निवृत्त झाला नाही. ९९९१. कुणी ओळख विचारली की नावाआधी आकडा. शिक्षण सातवी, पण मूळ संख्यांचं वेड असं, की एसटीचं तिकीट हातात पडलं तरी त्याचे अवयव पाडायला बसायचे.

“बठ्ठासले भाग जास,” ते म्हणायचे, “या नंबरले नही.”

म्हणजे सगळ्यांना भाग जातो, पण ९९९१ ला नाही, ती मूळ संख्या. घोळ नेमका इथेच होता. नववीत मी वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र शिकले आणि चटकन दिसलं. दहा हजारांत नऊ कमी, म्हणजे शंभरात तीन कमी गुणिले शंभराहून तीन जास्त. सत्त्याण्णव गुणिले एकशे तीन. नानांची मूळ संख्या चक्क संयुक्त निघाली. मला त्या सूत्राचाच राग आला. पुढे जळगावात गणिताची शिक्षिका झाले, एका चुकलेल्या चिन्हासाठी मुलांना झापू लागले आणि घरी मात्र सव्वीस वर्षं मूग गिळून बसले.

यंदा वरणगावच्या एका शाळेने नानांना गणित दिनाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला, ‘माझा नंबर’. आता गप्प राहून चालणार नव्हतं. पोरं मोबाइलवर क्षणात भागाकार करतील आणि माझ्या बापाला हसतील, हे मला सहन झालं नसतं. मी शनिवारी घरी गेले, चहा होईपर्यंत धीर गोळा केला आणि सांगून टाकलं.

नाना उठले. कपाटातून एक पिवळी पडलेली वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. शंभराच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. सातापासून एकोणनव्वदपर्यंत सगळे भागाकार ओळीने मांडलेले. सत्त्याण्णवचा तेवढा राहिलेला. त्या जागी लिहिलं होतं, ‘सव्वानऊला निरोप. मुलगी झाली.’ खाली माझी जन्मतारीख.

इतकी वर्षं मी यांना अजाण समजून सांभाळत होते, याची फार लाज वाटली. नानांनी पेन्सिल मागितली आणि त्याच पानावर सत्त्याण्णवने भाग दिला. बाकी शून्य.

शाळेत ते तीच वही घेऊन गेले. फळ्यावर नंबर लिहिला, आपली चूक सांगितली. एका मुलीने विचारलं, एवढ्या वर्षांत एक भागाकार करायला वेळ नाही मिळाला का? मी मागच्या बाकावर बसले होते. नानांनी माझ्याकडे बोट केलं.

“हाई पोर उनी त्या दिन,” ते म्हणाले. “मंग भागाकार कोन करस?”

पोरं हसली. मी मात्र भर वर्गात रडले.