शिकाऊ औषध

माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशीही एक जादा ब्रेक होता. तोंडाला मात्र नव्हता. "स्टिअरिंग धरा, त्याचा गळा नका आवळू," असं ती भल्याभल्या साहेबांना सुनवायची.

लघवीतून पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हा तिने खापर बीटावर फोडलं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा आतोबा म्हणाले, "अगं, आपल्या घरात बीट येऊन वर्ष झालं." आतोबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि दिवसाकाठी मोजकंच बोलायचे, पण हे वाक्य वाया गेलं नाही. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, तोही वर मूत्रपिंडाच्या नळीपर्यंत चढलेला आणि फुप्फुसात दोन-चार ठिपके टाकून बसलेला.

केमो झाली. केस गेले, कॅन्सर राहिला. "जा म्हटलं एकाला, गेलं भलतंच," आत्या म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाचा विषय काढला. त्याची चाचणी चालू होती. मी सोबत होतो.

"गुण येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "त्रास काय होईल, तेही आम्ही अजून शिकतोय."

"म्हणजे औषधही शिकाऊच," आत्या म्हणाली. "बाटलीवर लाल 'एल' लावा मग."

घरी यावर महाभारत झालं. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तावातावाने म्हणाले, "ताई, तुला उंदीर करणार आहेत ते!"

"उंदरांचं आधीच झालंय, बाबा. त्यांनीच माझं नाव सुचवलं."

आतोबांनी एवढंच विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" आणि तिने थट्टा सोडली. हे क्वचितच व्हायचं. मग म्हणाली, "मला घाबरायला झालंय. पण नुसतं बसून घाबरण्यापेक्षा काहीतरी करत घाबरेन म्हणते."

औषध सलाईनमधून जायचं. अंगभर पुरळ आलं, जिभेची चव गेली. आत्या म्हणायची, आता माझा स्वयंपाक मलाही सोसवतो. पण पहिल्याच स्कॅनमध्ये गाठी आकसलेल्या दिसल्या आणि आम्ही सगळे दवाखान्याच्या जिन्यात वेड्यासारखे हसलो.

याच सुमारास तिची पावलं बधिर व्हायला लागली. प्रत्येक खेपेला बाई विचारायच्या, "हातापायांना मुंग्या?" आणि आत्या ठणकावून सांगायची, "छे, ठणठणीत!" मुंग्या म्हटलं की हे औषध बंद करतील, ही तिची धास्ती. कामावरही ती हट्टाने जातच होती.

एकदा एक बेकरीवाला उताराचं वळण शिकत होता. त्याने घाबरून चुकीचं पेडल दाबलं. आत्यानेही पाय दाबला, पण तो ब्रेकवर नव्हताच. कशावर आहे हे तिला कळलंच नाही. गाडी कचराकुंडीला धडकली. इजा कुणालाच झाली नाही, पण कचरा बॉनेटवर सांडला आणि बेकरीवाला रडायला लागला. "चूक माझी आहे," आत्या म्हणाली. हे वाक्य त्या गाडीत प्रथमच उच्चारलं गेलं होतं.

तिथून ती तडक दवाखान्यात गेली, आणि आतोबांना व मला तिथेच बोलावून घेऊन तिने सगळं खरं सांगून टाकलं. बाई भडकल्या. "अहो, तुम्ही खोटं सांगितलंत तर पुढच्या पेशंटला किती द्यायचं, ते आम्ही कशावरून ठरवायचं? आणि त्या उतारावर खाली कुणी असतं तर?"

आत्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. आम्ही हे दृश्य आयुष्यात पाहिलं नव्हतं.

औषध काही आठवडे थांबलं, मग कमी मात्रेत पुन्हा सुरू झालं. ती रडवेली झाली होती, पण गाठी वाढल्या नाहीत. गेल्या नाहीत, वाढल्याही नाहीत. पावलं मात्र पुरती जागी झाली नाहीत. ब्रेकची सीट तिने आपण होऊन दुसऱ्या शिक्षिकेला दिली आणि स्वतः मागे बसून दोघांना ओरडायला लागली.

परवा दवाखान्यात तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त मुख्याध्यापक तेच औषध सलाईनमधून घेत बसले होते. नर्सने विचारलं, "काही त्रास?"

"अजिबात नाही," ते म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "सर, तुमची एक चप्पल मघाशीच दाराशी सुटलीये. पत्ता आहे का तुम्हाला?"

सर ओशाळले. मग हळूच नर्सला म्हणाले, "लिहून घ्या."