भिंतीतले भाऊबंद

धम्मशीला पहिल्यांदा गोठ्यात शिरली आणि थेट भिंतीला नाक लावून उभी राहिली, तेव्हा म्हशीनं रवंथ थांबवलं, कावळे तारेवर रांगेनं बसले आणि निम्मं पिंपळगाव राजा गाव कुंपणावर लोंबकळू लागलं. गुलाबरावांच्या गोठ्याकडं इतक्या प्रेमानं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडं तर नाहीच. पोरगी अमडापूरची, विद्यापीठात पीएचडी करणारी. तिला हवा होता भिंतीवरचा लोणा. ज्या पांढऱ्या, खारट पोपड्यांपायी गुलाबराव बायकोची, रुख्मिणीबाईंची, जन्मभर बोलणी खात आले, तोच लोणा.

त्यात जिवाणू राहतात, असं तिनं समजावलं. म्हशीच्या मुतातून सुटणारा अमोनिया खाऊन जगतात. तो पचवणाऱ्या जनुकाचा भाऊ दलदलीत, मिथेन वायू खाणाऱ्या जिवाणूंत सापडतो. दोघं एकाच जुन्या जनुकापासून फुटलेले. या भिंतीतलं जनुक मात्र दोघांच्या मधलं दिसत होतं.

"म्हंजे आज्याचा इळा एकच," गुलाबराव म्हणाले. "एका घरी कडबा कापून राह्यला, दुसऱ्या घरी गवत."

"हाव काका. कापता कापता पातं बदललं."

तेव्हापासून गुलाबराव चहाच्या टपरीवर उत्क्रांतीवर बोलू लागले. लोकांनी टपरी बदलली.

मग एक दिवस तिचा फोन आला. प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू मेले होते. त्याच भिंतीतून तेच जनुक पुन्हा दाखवलं नाही, तर सगळं संशोधन पाण्यात जाणार होतं. म्हणून आपल्या मार्गदर्शक सरांना घेऊन ती येत होती. गुलाबरावांनी त्यातलं एवढंच धरलं, की सर येणार. घरी मोठा माणूस येणार म्हटल्यावर जे करायचं असतं, ते त्यांनी केलं. भिंत खरवडली, धुतली, वर चुन्याचे दोन हात मारले.

धम्मशीला आली, लखलखीत भिंत पाहिली आणि म्हशीच्या चाऱ्याच्या, कुटाराच्या ढिगावर मटकन बसली. सर नुसता चष्मा पुसत राहिले.

"काका, लोणा कुठी गेला?"

तुमच्यासाठीच काढला, असं सांगता सांगता गुलाबरावांना आपण काय केलं ते कळलं, आणि चेहरा भिंतीसारखा झाला. तरी म्हशीपुढून ते काही हलेनात.

"आता सांगा न त्याईले," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "लाजता काऊन?"

झालं होतं असं, की म्हैस नुकती व्यालेली. चुन्याच्या दिवशी ती भिंतीला टेकून जी उभी राहिली, ती हललीच नाही. शेवटी गुलाबरावांनी तिच्याभोवतीनंच खरवडलं, धुतलं, चुना मारला, आणि ते सरांना दिसू नये म्हणून आज तिला पुन्हा तिथंच बांधली.

सरकी ढेपेचं टोपलं दाखवल्यावर ती सरकली. मागे भिंतीवर, शिंगांसकट, म्हशीएवढा लोणा जसाच्या तसा होता. धम्मशीला आधी हसली, मग रडली, मग डबी काढून खरवडायला लागली. गुलाबरावांनी म्हशीला आणखी एक टोपलं दिलं.

जनुक पुन्हा सापडलं. तिला पदवी मिळाली. पुढच्या वर्षी गुलाबरावांनी ती भिंत पाडली. आता तिथं मोटारसायकल उभी असते.