गॅस न सोडता

“आधी रिकामं करून बघू,” असं मॅडम म्हणाल्या की प्रयोगशाळेतली मुलं हळूच हसायची. मुख्य पदार्थ न घालता प्रयोग करून बघणं म्हणजे त्यांचं ‘रिकामं’. नव्या टपरीवर चहा घ्यायचा, तर त्या आधी कपभर नुसतं गरम पाणी मागायच्या. “चहात पाण्याची चव किती, ते कळायला नको का, सर?”

डहाणूच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. तलासरीच्या डोंगराकडच्या गावातून शेअर जीपने यायच्या. नोकरी सांभाळून पीएच.डी. चालली होती. एकदा विषय विचारला, तर म्हणाल्या, “कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि त्याचं काही कामाचं करायचं. निकेलच्या अणूभोवती दुसरे रेणू असे बसवायचे की त्याने गॅस धरावा, बदलावा आणि सोडून द्यावा.”

“सोडायचा कशाला?”

“सोडला नाही तर पुढचा कसा धरणार?”

२०१६ साली त्यांच्या नळीत फॉर्मिक आम्ल सापडलं. मुंगीच्या डंखात असतं ते, कारखान्यांनाही लागतं. धुरातला गॅस कामाला लावला म्हणून प्राचार्यांनी सत्कार ठरवला. मॅडमचे वडील गावाहून नवा सदरा घालून आले.

त्याच सकाळी मॅडम स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर बसल्या.

“सर, नळीत गॅस न सोडता केलं. तरी आम्ल आलं.”

“म्हणजे?”

“निकेल ज्यात विरघळवत होते ते द्रावकच फुटत होतं. आम्ल त्याचं. निकेलशिवाय मी आधीच करून बघितलं होतं, तेव्हा काही आलं नव्हतं. गॅसशिवाय करायला मन होत नव्हतं.”

“आजचा दिवस जाऊ द्या. वडील आलेत तुमचे.”

“त्यांच्यासमोर कसा घेऊ हार?”

व्यासपीठावर त्यांनी हार हातातच धरला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. वडील माझ्या शेजारी बसले होते. “काय बोलली बाय?”

“चुकलं म्हणाली. परत करणार आहे.”

त्यांनी थोडा विचार केला. “जेवण आहे ना?”

“आहे.”

“मग बसू.”

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं; त्यांची कीव करायला जावं, तर ती आधीच कामाला लागलेली असतात. मॅडमनी द्रावक बदललं, रेणू बदलले. दोन वर्षं गेली. एका दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. “आलं, सर. अगदी थोडं. पण गॅस बंद केला की येत नाही.” एवढं बोलून त्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पदवी मिळाली आणि गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेत त्यांना बोलावणं आलं. सीमेवरच्या अच्छाडच्या नाक्यावरून त्या बसने गेल्या.

पुढच्या वर्षी त्यांचे वडील बाजाराला आले होते, ते कॉलेजात डोकावले. “बायची खोली दाखवता?”

मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. मॅडम काम करायच्या ते टेबल दाखवलं. त्यांनी स्टूल ओढलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टेबलावर दोन्ही हात पसरून बसले. कुलूप लावायची वेळ झाली, तरी मी त्यांना उठवलं नाही.