काकांची मूठ

सलूनवाल्या काकांचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली. काकांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. शेवटी काकूंनीच बाजारातून एक आणून हातात ठेवली. "घ्या, आता मिरवा!"

मिरवतात कसले! काठीची मूठ तळहातात रुतायची. शिवाय दाढी करायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून काका ती आरशाखालच्या फळीला टेकवायचे, आणि नेमका गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना ती धाडकन पडायची. एकदा तर पोस्टमन तोंडावरच्या फेसासकट उठून उभा राहिला. "काका, एक तर काठी सोडा, नाहीतर वस्तरा!"

काका खजील झाले. पण दुपारी दुकान रिकामं झालं तसं त्यांनी डोकं लढवलं. साबणाची जाडजूड वडी गरम पाण्यात मऊ केली आणि चालताना टाकतात तसा भार देऊन मुठीत दाबली. बोटांच्या खाचा, अंगठ्याखालचा खळगा, सगळं उमटलं. वडी घेऊन ते तडक मेव्हण्याकडे गेले. मेव्हणा सुतार, आणि पक्का थट्टेखोर.

"काय दाजी, आंघोळ आमच्याकडे?"

"अशी मूठ करून दे. अगदी अश्शी."

मेव्हण्यानं हसत हसत मूठ कोरली, घासून गुळगुळीत केली. काठी पडू नये म्हणून आधी तिला खाली तीन पाय लावून पाहिले. काठी उभी राहिली खरी, पण दुकानात येणारा-जाणारा त्या पायांना अडखळू लागला. मग काकांनीच सुचवलं, "पाय काढ. मुठीच्या खाली खाच पाड आणि आत सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटव." आता ती खाच फळीच्या कडेवर बसवली की काठी जागची हलेना.

पोस्टमननं दाढी होईपर्यंत दोनदा तिरक्या नजरेनं काठीकडे पाहिलं. जाताना म्हणाला, "काका, माझ्या आईला करून द्याल अशी?"

दुसऱ्या दिवशी काका साबणाची वडी घेऊन चालत त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं, म्हणजे गल्लीतल्या आजींनी, मूठ उमटवून दिली आणि बजावलं, "रंग लाल हवा हं. म्हातारीची काठी वाटता कामा नये."

मेव्हण्यानं ती भडक लाल रंगवली. आजी ती घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरून आल्या, वाटेत तीन घरी थांबून.

हे ऐकून काकू फुगल्याच. "सगळ्यांचे लाड होतात. माझा गुडघा मेला दुखतही नाही!"