भागीचं गाणं आणि गावदेवीचा कौल

सख्खा भाऊ फोन करतो आणि कशी आहेस नाही, गुडघा काय म्हणतो नाही, एकदम "बाय, ते काढून टाक." मी इथे आयची गोष्ट एका बोटाने टाइप करून डोळे फोडले आणि ह्याला ते एका दमात पुसून हवंय. वर म्हणतो, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तोंड तुझं, जागा मी कशी ठेवणार?

हां, आता नमस्कार. बरे असाल सगळे.

मागचं ज्यांनी वाचलं नाही त्यांना सांगते. माझं माहेर दापोलीच्या पलीकडे. माझे बाबा, धोंडू शाहीर, जाखडीच्या नाचात गायचे. गणपतीत दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने उत्तर द्यायचं. ज्याने गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत गुंफतात. बाबांच्या गाण्यांत "धोंडू सांगे सभेला" असं येतं. मी लिहिलं, की ती गाणी रचली माझ्या आयने, भागीने. भात लावताना चिखलात वाकून ती ओळी जुळवायची, आणि घरी आल्यावर चुलीपुढे बसून बाबांकडून पाठ करून घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं. मला तिसरीपर्यंतचं येतं, म्हणून मी लिहिलं. माझा गुन्हा एवढाच.

ती पार्टी आता माझा धाकटा भाऊ सदू चालवतो. त्याने गावदेवीला कौल लावायचा ठरवला. देवी काढ म्हणाली तर काढायचं, आणि तरी नाही काढलं तर माहेरची वाट विसरायची. मी तावातावाने "येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

श्रावण अर्धा झाला होता. अलोऱ्याला माझं सासर, तिथून सकाळच्या एसटीने चिपळूण गाठलं. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा नवऱ्याच्या गाडीची वाट बघत बसू नका. चिपळूणला चहा प्या, वडा मात्र कढईतून निघताना दिसला तरच घ्या. पुढे घाटात काच लावून घ्या, पाऊस मांडीवर येतो. लोट्याला कंपन्यांचा वास आला की नाकाला पदर लावा. तिथे कामगारांची पाळी सुटली होती, एवढी माणसं चढली की माझी पिशवी कोणाच्या तरी डब्यावर जाऊन बसली. एरवी मी दोघा-चौघांना सुनावलं असतं. त्या दिवशी पिशवी नुसती उचलून मांडीवर घेतली.

खेडला गाडी बदलावी लागते. दापोलीच्या गाडीत शेजारी किनाऱ्याकडची एक मुसलमान बाई होती, माझ्याच वयाची.

"कुठं चाल्ल्या?" तिने विचारलं.

"माहेरी."

"मग तोंड असं का?"

"भावाने बोलावलंय."

"आमचा भाऊ दुबईत हाय. फोन केला की आधी विचारतो, घराची चावी कोणाकडं? मंग माझी तब्येत." तिने मला पेरू दिला. "खावा. भावांचं काय मनावर घ्यायचं नाय."

पेरू घेतला आणि पिशवीत टाकला. लिहिलेलं पुसलं तर आय दुसऱ्यांदा पुसली जाणार. नाही पुसलं तर ज्या दारात आयने माझी ओटी भरली ते दार बंद. मी खिडकीतून बागा बघत होते, पण कुठली आंब्याची न् कुठली काजूची, आज विचाराल तर सांगता येणार नाही.

दापोलीहून गावची गाडी दुपारी एकच आहे. ती चुकली तर रिक्षावाला तोंडाला येईल ते मागतो. स्टँडवरून हलू नका.

घरी सदू अंगणात होता. "आलीस?" म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. त्याची बायको शेवंती हिने तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली. पन्नास वर्षं ह्या घरात आहे, पण हिचा आवाज मी "वाढू का वन्सं" ह्यापलीकडे ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदू, शेवंती आणि मी देवळात गेलो. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल हातात घ्या. कौल असा लावतात: देवीच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पार्टीतले पाच-सहा पुरुष मागे उभे होते.

सदू म्हणाला, "गुरवानू, इचारा. हिनं लिवलेलं काढायचं का?"

गुरव पाकळी हातात धरून थांबला. "काढायचं का ते मागनं. आधी खरं काय ते इचारू. गाणी कोनाची, धोंडूची का भागीची?" मग मागे वळला. "हितं कोनाला ठावं असंल तर आताच बोला. मानसाला ठावं हाय ते देवीला इचारत नाय मी."

मी तोंड उघडलं तर गुरवाने हात केला. "तुमचं लिवून झालंय. दुसरं कोन?"

"मना ठावं हाय," शेवंती म्हणाली.

सदू वळला. "तुला काय ठावं?"

"मी सासूच्या शेजारी भाताच्या लावणीला असायची. ती गान्याची वळ जुळवायची आनि मना सांगायची, शेवंते, ध्यानात ठेव, घरी जाईस्तवर मी विसरंन. मी ठेवायची. मामंजी त्याच्यामागनं शिकायचे."

"आनि इतकी वर्सं बोलली नाईस?"

"इचारलं कोनी?"

गुरवाने पाकळी ताटात परत ठेवली आणि हात पुसले. "देवीला इचारायचं काय उरलं नाय. जावा घरी," म्हणाला.

परतताना वाटेत सदू एवढंच बोलला, "गणपतीत समोरची पार्टी सोडनार नाय, बाय. बाईची गानी गाता म्हनतील." सभेत उभं राहण्याआधी बाबांचा व्हायचा तसा त्याचा आवाज झाला होता. तेव्हा कळलं, ह्याला माझा राग नव्हता, सभेची भीती होती.

आता मी घरी आहे. लिहिलेलं तसंच आहे. हे दुसरं लिहून आठ वेळा खोडलं, तरी लिहिलं. सदूचा फोन नाही. शेवंतीचा आला. घरात तालमी चालू आहेत आणि ती दारात बसून "भागी सांगे सभेला" म्हणते. धोंडूच्या जागी भागी बसवली तर ढोलकीचा एक ठोका चुकत नाही, हे तिनेच मला म्हणून दाखवलं. पण पुरुष त्या ओळीला आले की गप्प होतात. नुसती ढोलकी वाजते. गणपती जवळ आले, मला झोप नाही.

तुम्ही मला खाली विचारू नका, पुढे काय होणार म्हणून. आणि सदू, तू हे वाचतोस, मला ठाऊक आहे. समोरच्या पार्टीने भर सभेत सवाल टाकला, ही भागी कोण, तर शेवंतीकडे बघायचं नाही, मला फोन लावायचा नाही. उत्तर तू द्यायचंस. गाऊन.