कानसेनांची तपासणी

आमचे काका कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करतात. चाळीस मशिनं एकदम धडधडत असली, तरी हे कोपऱ्यातल्या स्टुलावर डोळे मिटून बसतात आणि मध्येच ओरडतात, "तिसरी ओळ, खिडकीजवळचं! सुई तुटणार!" आणि तुटतेच. तिथे सगळे त्यांना कानसेन म्हणतात.

घरी मात्र हा माणूस ठार बहिरा. काकू स्वयंपाकघरातून सांगून सांगून दमते, तरी पेपरातून डोकं वर येत नाही. "त्या खडखडाटात कान गेले हो बिचाऱ्यांचे," म्हणत तीच गळक्या नळाखालची बादली बदलते. मला पहिल्यापासून संशय होता, पण माझं कोण ऐकतंय?

मग नव्या मालकाने फर्मान काढलं: साठीपुढच्यांनी कानांचा दाखला आणायचा, नाहीतर नोकरी सोडायची. काकूच्या तोंडचं पाणी पळालं. बहिऱ्याला दाखला देणार कोण? आणि दिवसभर घरात बसलेला नवरा कुणाला हवाय! काका मात्र शीळ घालत तयार झाले.

दवाखान्यात त्यांना हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवलं. काकू आणि मी बाहेर, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी. आतलं बोलणं स्पीकरवर ऐकू येत होतं.

"उजव्या कानात आकडे येतील, ते म्हणून दाखवा," बाई म्हणाल्या. "डाव्या कानात दुसरं कुणी बोलेल, तिकडे लक्ष देऊ नका."

काकांचा एकही आकडा चुकला नाही. काकूचे डोळे भरून आले.

बाईंनी सहज विचारलं, "डाव्या कानातलं काही आठवतंय? तसं कुणालाच आठवत नाही म्हणा."

झालं! कानांवर कुणी शंका घेतली की काकांना राहवत नाही.

"आठवत नाही म्हणजे? एक बाई सांगत होती. दूध उतरवा, खिडकी लावा, टेबल पुसून घ्या. चारदा सांगितलं हो बिचारीने, पण घरातलं कुणी हलेल तर शपथ!"

"कमाल आहे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकू उठून काचेजवळ गेली. काचेतून तिचा चेहरा दिसला तेव्हा काकांना कळलं, आपण काय करून बसलो ते.

नोकरी वाचली. काकूने दाखल्याची प्रत स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली आणि काकांना काही सांगणंच सोडून दिलं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसती हाक बंद.

चौथ्या दिवशी मी गेले, तर काका सकाळपासून पेपरचं एकच पान धरून बसलेले.

"काही म्हणालीस का गं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघत काकूला विचारलं.

"नाही."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. शेवटी काका उठले, पेटीतून पाना काढला आणि नळापाशी जाऊन बसले.

काकूने भाजी चिरता चिरता हळूच विचारलं, "नळ गळतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. चार वर्षांपूर्वी," काका मान खाली घालून म्हणाले. "पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच ऐकलं होतं."

"मग खिडकीच्या कडीचंही ऐकलं असेल."

"हो. आणि माळ्यावरच्या दिव्याचंही."